आत्याचं थांबणारं बटण

४ फेब्रुवारी

शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल माफी. टाइप पण फार हळू करते, दोन बोटांनी. माफी कोणाची मागतेय काय माहीत — वाचणार तर कोणीच नाही! नववीत शाळा सोडली तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तिथेच बाकावर राहिलं.

दादा म्हणतो, फोनशी बोल, तो टाइप करतो, बोटं कशाला मोडतेस. त्याचं ठीक आहे. मी पहिल्याच अक्षरावर अडकलेली असते तोवर फोन म्हणतो, 'काही ऐकू आलं नाही, पुन्हा बोला.' आत्याचं यंत्र मला असं एकदाही म्हणालं नाही.

लिहायला घेतलं कारण आज नोटीस आली. एका मोठ्या कंपनीची. आमच्या कारखान्यात — कारखाना कसला, दोन खोल्या, पाच माणसं आणि मी — जे आवाजावर चालणारं बटण बनतं ते म्हणे त्यांचं आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी पेटंट घेतलंय. आम्ही बनवणं बंद करायचं. शिवाय लोकांना दिलेली सगळी परत आणायची. एकशे बारा!

दादाने नोटीस उभ्याने वाचली. मग स्टुलावर बसून वाचली. मग म्हणाला, "त्यांचं? अगं, हे आत्याचं आहे!"

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. जाऊन तीन वर्षं झाली.

५ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गेले. अंथरुणाला खिळलेत, बोलणं तुटक झालंय. 'दिवा' म्हणायला त्यांना चार-पाच सेकंद लागतात. पण आमचं बटण थांबतं, आणि दिवा लागतो. रात्री बायकोला उठवावं लागत नाही, याचाच त्यांना जास्त अभिमान.

त्यांना सांगितलं, कदाचित बटण परत न्यावं लागेल. त्यांनी बराच वेळ घेऊन एकेक शब्द काढला — "न्यायला — आले — तर — चावेन."

आम्ही दोघं बोलायला बसलो की घड्याळ दमतं.

९ फेब्रुवारी

दादाने बोलावलेल्या वकीलबाई कारखान्यात आल्या. मी कपाटामागे तारा गुंडाळत बसले. अनोळखी माणूस आलं की मला हटकून तारा गुंडाळायच्या असतात.

त्यांनी नीट समजावलं. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. कंपनीने अर्ज केला त्या तारखेआधीच ती गोष्ट लोकांना माहीत होती असं दाखवलं, तर ती नवी नाही. मग पेटंटच रद्द. "भांडायचं ते आपण चोरलं की नाही यावर नाही. त्यांचं पेटंट मुळात खरं का, यावर."

दादाने कपाट उघडलं (मी मागे!) आणि आत्याचं पहिलं यंत्र टेबलावर ठेवलं. पत्र्याचा डबा, वर माईक, बाजूला लाल दिवा. "अकरा वर्षांपूर्वीचं आहे. जसंच्या तसं."

"जसंच्या तसं असं शपथेवर लिहून द्याल?"

"डोळे मिटून!"

माझ्या हातातलं भेंडोळं खाली पडलं. कोणी बघितलं नाही.

१० फेब्रुवारी

काल झोप नाही. आज तो डबा पुसायला म्हणून उघडला.

आत्याने हा डबा माझ्यासाठी केला. मी पाच वर्षांची होते. तेव्हा एक बोलकं खेळणं आलं होतं — हाक मारली की उत्तर देणारं. सगळ्यांना द्यायचं, मला नाही. माझी हाक पूर्ण व्हायच्या आत ते गप्प. मी रडले नाही म्हणे, खेळण्याला टेबलाखाली ठेवलं आणि बोलणंच बंद केलं. आत्या म्हणाली, "तुझ्यात काही बिघाड नाही, त्याला धीर नाही. थांब, मी धीर बसवते."

महिनाभर बसली. तिच्या स्वेटरला बाहीवर, तारा जोडताना वितळलेल्या कथलाचे थेंब पडून भोकं होती, त्यातून तिचं कोपर दिसायचं. राळेचा धूर, तिचं ते नाकातून गुणगुणणं. मी मांडीवर. ती म्हणायची, शब्द सात वेळा बोल. सातांत जिथे सगळ्यात जास्त अडकशील, तेवढा वेळ हा डबा तुझ्यासाठी थांबेल. मी 'आत्या' म्हणायला जायचे आणि लाल दिवा धीराने वाट बघायचा. मग टक् — हिरवा!

त्या 'टक्'साठी मी दिवसभर बोलायचे.

११ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. इथे तरी.

डबा जसाच्या तसा नाही. गेल्या वर्षी आत्याची फार आठवण आली म्हणून मी तो चालू केला. दिवा लागला, पण 'टक्' नाही. आतली आठवण ठेवणारी चिप मेली होती. मी ती काढली, टाकून दिली, बाजारातून नवी आणून बसवली. कोणाला सांगितलं नाही. सुंदर काम केलं होतं, आत्याने पाठ थोपटली असती.

आज भिंगाखाली बघितलं. प्रत्येक चिपवर चार आकडे असतात — साल आणि आठवडा. गेल्या वर्षीचे आहेत. कंपनीचा माणूस भिंग लावणारच. म्हणेल, डबा आत्ता बनवलाय, आणि दादाने शपथेवर खोटं लिहिलंय.

१२ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

१३ फेब्रुवारी

आज पण नाही. आई म्हणाली, "जेवणात लक्ष नाही, कोणी काही बोललं का?" वहिनीने, ती दिवस गेल्यामुळे माहेरी आरामाला गेलीय, फोनवर हेच विचारलं. कोणी काही बोललं नाही हीच तर अडचण आहे.

१४ फेब्रुवारी

सांगितलं! वकीलबाई सही घ्यायला आल्या, दादाने पेनाचं टोपण काढलं, आणि मी कपाटामागून बाहेर आले. 'चिप' हा शब्दच निघेना. 'च'वर बसून राहिले. दादा मदत करायला लागला — "चहा? चावी?" — वकीलबाईंनी त्याला हाताने गप्प केलं.

शेवटी निघालं सगळं. दादाचा चेहरा उतरला.

"तुला हात लावायला सांगितलं कोणी?"

"ब-बंद पडलं होतं."

"मग मला नाही बोलवायचं? दोघांनी मिळून केलं असतं की!" एवढं बोलून तो बाहेर निघून गेला. मला वाटलं रागावला. खिडकीतून बघितलं तर डोळे पुसत होता, आणि हातात अजून टोपण.

वकीलबाई म्हणाल्या, "आज सांगितलंस ते सोनं केलंस. तिकडे सुनावणीत कळलं असतं तर सगळंच बुडालं असतं. आता डबा बाजूला. आणि तसंही तो तुमच्या घरात होता, लोकांत नव्हता. आत्याने हे बाहेर कोणाला दाखवलं होतं? शिकवलं होतं? आठव."

१५ फेब्रुवारी

शनिवार!!

वाचनालयाचा वरचा मजला. दर शनिवारी आत्या तिथे फुकट वर्ग घ्यायची — घरच्या घरी वस्तू दुरुस्त करायचा. लांब टेबल, खडखडता पंखा (वारा सोडून सगळं द्यायचा), सात-आठ बायका, दोन आजोबा आणि एक न्हावी, तो केस वाळवायचं यंत्र घेऊन यायचा. आत्या घरी हाताने एक पान लिहायची, त्याच्या झेरॉक्स काढून वाटायची. 'इस्त्री', 'घंटा', 'रेडिओची खरखर'. मी पानं वाटायचे, म्हणजे बोलावं लागायचं नाही.

आणि ग्रंथपाल! आम्ही त्यांना शिक्केवाले काका म्हणायचो. वाचनालयात आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. एकदा माझ्या तळहातावर मारला होता — "आता तू वाचनालयाची मालमत्ता." मी दोन दिवस हात धुतला नाही.

१७ फेब्रुवारी

एकटी गेले. पायऱ्या पूर्वी उंच होत्या, आता नाहीत.

काका म्हातारे झालेत, पण शिक्का तोच. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आत्याची पानं हवीत ना? तीन वर्षं वाट बघतोय, कोणीतरी मागायला येईल म्हणून." बांधून ठेवलीत! निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. बाहेर न्यायची परवानगी नाही, कोणीही बसून वाचू शकतं. मागे नोंद आहे कोणी कोणी वाचलं त्याची. न्हावी तीनदा.

पान चौदा. 'थांबणारं बटण'. तिचं अक्षर. 'शब्द सात वेळा बोलवून घ्या. सर्वांत मोठा खंड मोजा. तेवढा वेळ यंत्राने थांबावे. अडखळणाऱ्याला घाई करू नये.' खाली आकृती. आणि आकृतीत बॅटरी उलटी! ती बॅटरी नेहमी उलटीच काढायची. मग पुढच्या शनिवारी सगळे बंद डबे घेऊन यायचे आणि ती कपाळाला हात लावून हसायची — "परत केलं का मी?"

कोपऱ्यात शिक्का. कंपनीच्या अर्जाच्या दीड वर्ष आधीचा.

मी पानावर हात ठेवून बसले. काका म्हणाले, "रड हवं तर, पण पान भिजवू नकोस."

१८ फेब्रुवारी

दादाने पानाचा फोटो बघितला. आधी तारीख नाही बघितली. बॅटरी बघितली.

२ एप्रिल

सुनावणीत मलाही साक्ष द्यायचीय. वर्गाला कोण कोण यायचं, पानं कोणाला मिळायची, हे बघितलेली मीच. काकाही येणार. आई म्हणते, लिहून दिलं तर चालणार नाही का. वकीलबाई म्हणतात, उलट प्रश्न विचारणार ते, बोलावं लागेल. मी तारांची सगळी भेंडोळी गुंडाळून संपवली. कारखान्यात आता सुटी तार शिल्लक नाही.

२३ एप्रिल

झालं. नीट आठवून लिहिते.

पेटंट कचेरीतली साधी खोली, चार टेबलं, वर अधिकारी. केस पांढरे, आवाज हळू. कंपनीचे वकील उंच, चष्मा नाकाच्या टोकावर. काकांची साक्ष आधी. त्यांनी शिक्का बरोबर आणला होता. वकिलांनी विचारलं, शिक्क्याची तारीख मागे फिरवता येत नाही का? काका असे बघायला लागले की जणू कोणी त्यांच्या मुलीबद्दल वाईट बोललं. "फिरते. पण मी फिरवत नाही. आणि मागे वाचणाऱ्यांच्या सह्या आहेत, त्या पण मीच केल्या म्हणा."

मग मी. वकीलबाईंनी बजावल्याप्रमाणे चिपचं आधीच सांगून टाकलं. मग प्रश्न आला, वर्गाला कोण येऊ शकायचं? 'कोणीही' म्हणायचं होतं. 'को'वर अडकले. पंख्याचा आवाज. उंच वकील म्हणाले, "कोणी ओळखीचे? असंच ना?"

अधिकारी म्हणाले, "थांबा. त्या बोलतायत."

सगळे थांबले. खरंच थांबले! मी म्हणाले, "कोणीही."

मग उंच वकिलांनी तो प्रश्न काढलाच. "यंत्रातली चिप तुम्ही बदललीत, हे तुम्हीच सांगितलंत. मग हे पान तुम्ही बदललं नसेल कशावरून? हात तर चांगला आहे तुमचा."

उत्तर आधीपासून तयार असल्यासारखं आलं, अडकत अडकत, पण आलं. "त्यात बॅटरी उलटी काढलीय. मी प-पानाला हात लावला असता, तर आधी ती सरळ केली असती. मला उलटी बॅटरी बघवत नाही."

अधिकाऱ्यांनी पान जवळ ओढलं. बघितलं. खोकल्यासारखं हसले. दादा मागे मोठ्याने हसला आणि त्याला बाहेर काढायची वेळ आली.

उंच वकील शेवटी म्हणाले, म्हणजे आकृती चुकीची, म्हणजे यंत्र चालणारच नाही. वकीलबाई म्हणाल्या, "सेल उलटा बसला तर सरळ करायला सहा वर्षांच्या मुलालाही कळतं."

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसले. आयुष्यात एवढं सलग बोलले नव्हते. घसा दुखत होता. आत्या असती तर म्हणाली असती — काही नाही, काही म्हणाली नसती. ती गुणगुणत पायऱ्या उतरली असती. मला तिचा तो नाकातला सूर इतका स्वच्छ आठवला की मी बाजूला सरकून जागा केली.

३० मे

अजून निकाल नाही. मास्तर रोज विचारतात — "चावू — का?"

११ जुलै

पेटंट रद्द!!

वकीलबाईंनी फोनवर वाचून दाखवलं. 'सदर पद्धत अर्जाच्या तारखेपूर्वीच एका वाचनालयातील पानाद्वारे सर्वांना उपलब्ध होती.' दादाने ते वाक्य तीनदा वाचायला लावलं. मास्तरांकडे पळत गेले. त्यांनी 'दिवा' म्हणून भर दुपारी दिवा लावला, 'दिवा' म्हणून घालवला, परत लावला.

संध्याकाळी दादा म्हणाला, "आता ते कोणाचंच नाही. कंपनीपण बनवणार, आपणपण बनवणार, कोणीही. आत्याचं नाव कुठेच नाही."

मी म्हणाले, पहिल्यापासूनच ते 'कोणीही'चं होतं. झेरॉक्स काढून वाटायची ती. नाव घालायची आठवण तिला कधी राहिली?

पण रात्री मलाच वाईट वाटलं. निकालात 'एका वाचनालयातील पान' आहे. भोकं पडलेला स्वेटर नाही, गुणगुणणं नाही. ते सांगायला मी एकटी उरले, आणि मला तर सांगायला इतका वेळ लागतो.

१३ जुलै

पहाटे वहिनीला मुलगी झाली. महिनाभर आधीच! दोघी बऱ्या आहेत.

दादा दारातून ओरडला, "आत्याबाई, चला, चपला घाला!"

मी मागे वळून बघितलं, कोणाला म्हणतोय ते.