मळीचा खड्डा

शके १८२९, पौष शु. ३
उसाचा पाचवा चरक आज बसला. ओतुरात एका आवारात पाच चरक, पाच काहिली. गुळाची कंपनी काढली तेव्हा हसणारेच आज रस प्यायला आले. प्यायले, पुन्हा मागितला.
रस उकळताना वर येणारी मळी काढून मागच्या खड्ड्यात टाकतो. खड्डा काठोकाठ. धोंडीभाऊ, आमचा गुळव्या, म्हणाला, "शेठ, ज्याचं त्याचं गुऱ्हाळ व्हतं तवा मळी बांधाला जायची, कुनाला दिसायची बी न्हाई. आता समद्यांची एका जागी आली." खरं आहे. दुसरा खड्डा खणू म्हटलं. जागा कुठे, ते पाहायचं.

पौष शु. ७
आई रस प्यायला आली होती. पेला हातात घेऊन मागे गेली. मळीत मुंग्या, मधमाश्या, थरच्या थर. काही अजून हलत होत्या. पेला तसाच ठेवला.
घरी आल्यावर : "मी रोज सकाळी मुंग्यांना चिमूटभर पीठ घालते, माणक. आणि तू त्यांना जेवायला बोलावून बुडवतोस."
पाणीसुद्धा गाळून पिणारे आम्ही जैन. 

पौष शु. ८
आईने नियम घेतला. खड्डा रिकामा होईपर्यंत गोड बंद, जेवण दिवसातून एकदाच. सत्तरी उलटली तिची. मला राग आला. गुऱ्हाळ आहे, देवाचं देरासर नव्हे, असं म्हणालोही. तिने ऐकून घेतलं आणि माळ ओढत बसली.

पौष शु. १३
पौर्णिमेला तिच्या तोंडात गोड घालायचंच. दोन दिवस माणसं लावून खड्डा उपसला. आवाराला लागून गणपतभाऊंचा कांदा आहे. कंपनीत भागीदार, घरचाच माणूस. "खत आहे, घ्या" म्हणून सगळी मळी तिथे ओतली. ताजी, काही तर कढतच. धोंडीभाऊ सांगत होता, आधी मुरू द्या. पौर्णिमा दोन दिवसांवर, मुरायला वेळ कुणाला?

पौष पौर्णिमा
खड्डा स्वच्छ. आई पाटावर बसली, ताटात शिरा. तेवढ्यात गणपतभाऊ दारात.
"शेठ, कांदा पिवळा पडला. तीन वाफं गेलं. मुंग्या बी तिकडंच आल्यात."
आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं वाटलं असतं. आईने शिऱ्याची वाटी बाजूला सारली. "खड्डा रिकामा नाही केलास. शेजाऱ्याच्या वावरात नेऊन ठेवलास."
लाज वाटली. अजून वाटते आहे.

पौष व. ४
ग. भाऊंच्या घरी गेलो, चुकलो म्हणालो. चहा दिला, बोलले फारसं नाहीत.
खड्डा पुन्हा अर्धा भरला. चरक काही थांबत नाहीत.
दुपारी आई मुगाला राख चोळत बसली होती. कीड लागू नये म्हणून आमच्याकडे दरसाल. मी समोर नुसता बसलेला. तीच म्हणाली, "काहिलीखालच्या चुलवणाची राख कुठे टाकता रे?"
"आवाराबाहेर ढीग आहे."
"मग?"
एवढंच. पुन्हा मुगात हात.

पौष व. ५
खड्ड्याशेजारी ढीग लावला : मळीचा एक थर, वर राखेचा जाड थर, मग चिपाडाचा भुगा, पुन्हा राख. संध्याकाळपर्यंत मुंगी फिरकली नाही. मधमाश्या घिरट्या घालून परतल्या. मी पोरासारखा धावत घरी सांगायला आलो. आई हसली. बऱ्याच दिवसांनी.
धोंडीभाऊ : "झ्याक झालं. पन शेठ, ह्ये न्यायचं कुनी?"

माघ शु. २
कुणीही नाही. पिंपळवंडीचे एक पाहुणे ऊस घेऊन आले, त्यांना पाटीभर देऊ केलं. "नगं राव, तुमच्या मळीनं रान जळतंय म्हनं." गोष्ट गावोगाव झालेली दिसते.
ढीग वाढतो. मुरलेला हाताला गार लागतो, वासही गेला. तो कुणी नेईपर्यंत आईच्या लेखी खड्डा भरलेलाच, जेवण एकच. उठताना भिंतीला हात लावते. नियम सोड म्हणालो. "मी सोडेन, आणि तूही खटपट सोडशील."

माघ शु. ९
ग. भाऊ पाटी घेऊन आले. ढिगात हात घातला, मूठभर उचलून वास घेतला.
"एक पाटी नेतो. जळल्यात त्यातल्याच एका वाफ्यात घालतो. तुमच्यासाठी न्हाई, म्हातारीसाठी."
"उद्याच कांद्याचं रोप लावणार?"
"लावतो. जगलं तर गाडी घिऊन येतो. मेलं तर पुन्यांदा इचारू नगा."

माघ पौर्णिमा
पाच दिवस झाले. रोप उभं आहे, शेंडे हिरवे. ग. भाऊ म्हणतात, अजून दहा-पंधरा दिवस काही बोलायचं नाही, मागचा कांदाही आधी हिरवाच होता. मागचा दोन दिवसांत गेला, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनाही ते ठाऊक आहे.
आज जेवताना आईने आपण होऊन गुळाचा खडा मागितला. मी लगेच काढून दिला. तिने तो घेतला, पाहिला, वाटीत ठेवला.
"असू दे. गणपताच्या वाफ्याचं कळलं की खाईन."
वाटी देवळीत आहे. मी भोवती राखेचं कडं घातलं.