हात लावायचा नाही

२ जून
आले एकदाची! एक ट्रंक, पुस्तकांची दोन खोकी आणि टेबलपंखा, एवढा संसार घेऊन मी आज विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. खोली लहान, पण उजेडाची. खिडकीतून मुलींच्या वसतिगृहाची मागची बाजू दिसते, दोऱ्यांवर वाळणारे कपडे दिसतात. काम मनाजोगतं आहे. केंद्राचे वैद्यकीय संचालक निवृत्त होत आहेत, त्यांच्या जागी चांगला माणूस शोधायचा. जाहिरात, अर्ज, मुलाखती, निवड, सगळं माझ्याकडे. ताईचा फोन आला. म्हणाली, तू डॉक्टर नाहीस, मग डॉक्टर निवडणार कशी? मी म्हटलं, आजारी तर पडले आहे ना, तेवढं पुरतं. यावर तिने मला भाषण आवरून आधी गादीवर चादर घालायला सांगितलं.

५ जून
केंद्र फिरून पाहिलं. खाली बाकांची लांब ओळ, औषधांची खिडकी, मलमपट्टीची खोली आणि एका टोकाला तपासणीची खोली. तिच्या भिंतीत एक मोठी काच आहे. आतून तो नुसता आरसा, बाहेरच्या काळोख्या बोळातून मात्र आतलं सगळं दिसतं, ऐकू येतं. समुपदेशकांच्या शिक्षणासाठी ती बसवली होती म्हणे. मला लगेच सुचलं: उमेदवारांना गुळगुळीत प्रश्न विचारण्यात काय अर्थ? कोणीही पोपटासारखं बोलेल. त्याला एका नकली रुग्णासमोर बसवावं आणि तो माणसाशी कसा वागतो, ते निवड समितीने काचेमागून पाहावं. नाट्यविभागाच्या प्रमुखांना फोन केला, त्यांनी एक मुलगी पाठवायचं कबूल केलं.
नियम मात्र मी घातला. उमेदवाराने रुग्णाला हात लावायचा नाही, फक्त बोलायचं. बिचारी मुलगी नाटक करायला येणार, चार परक्या माणसांनी तिला चाचपावं हे मला पटत नाही. कुलसचिवांना नियम फार आवडला. म्हणाले, बाई, तुम्ही आमच्या डोक्याचा ताप वाचवलात.
सिस्टर गप्पांत सांगत होत्या, परीक्षेच्या दिवसांत मुलांची रांग लागते आणि निम्म्यांचं पोट दुखत असतं. त्याला इथे सगळे 'परीक्षापोट' म्हणतात. संचालकांनीच दिलेलं नाव. मी सिस्टरना ऐकवलं, की ज्या दवाखान्यात दुखण्याला टोपणनाव पडतं, तिथे दुखणं पाहायचं थांबलेलं असतं. त्या हसून म्हणाल्या, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा.

१० जून
पहिली मुलाखत. उमेदवार एक नामांकित सर्जन, बोलणं लोण्यासारखं. समितीचे तिघे, पण निवृत्त होणारे संचालक लेकीकडे गेले आहेत, म्हणून काचेमागे कुलसचिव आणि मी दोघंच.
नाट्यविभागाची मुलगी आधीच पलंगावर येऊन बसली होती. काय काम केलं पोरीने! करडा स्वेटर, घामाने कपाळाला चिकटलेले केस, गुडघे पोटाशी घेतलेले. हळू आवाजात म्हणाली, डॉक्टर, कालपासून दुखतंय, आधी बेंबीपाशी होतं, आता इथे खाली, उजवीकडे. सर्जन खुर्चीवरून हलले नाहीत. झोप होते का, परीक्षा कधी आहे, घरची आठवण येते का, असं गोड गोड विचारून त्यांनी तिला भरपूर पाणी प्यायला आणि मन रमवायला सांगितलं. कुलसचिव खूश. माणूस हसतमुख आहे, कटकट करणारा नाही, म्हणाले. मी त्यांच्या कानात म्हटलं, डॉक्टरपेक्षा पोरगीच सरस आहे, हिला बक्षीस द्या. आम्ही दोघं हसलो.

१२ जून
दुसऱ्या उमेदवार एक डॉक्टरबाई. जाड चष्मा, साधे बूट, बोलणं फटकळ. मुलाखतीत त्यांनी सांगून टाकलं, की रुग्णाला मोठ्या इस्पितळात पाठवताना मी कोणाची परवानगी मागणार नाही. कुलसचिवांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला बाई आवडल्या.
मुलगी आज अधिकच आजारी दिसत होती. ओठ पांढरे, श्वास आखूड. बाईंनी तिचं बोलणं ऐकलं, उठल्या, आडवी हो म्हणाल्या आणि पोटाकडे हात नेला. मी काचेवर टकटक केली आणि दारातून आत डोकावून नियमाची आठवण करून दिली. बाई थबकल्या. म्हणाल्या, पोट दुखणाऱ्या माणसाला हात न लावता मी काय त्याची पत्रिका पाहू? तरी त्यांनी हात मागे घेतला.
मी परत काचेमागे आले. मुलीने मान वळवून काचेकडे पाहिलं. आतून तिथे फक्त आरसा आहे. पण ती आरशात पाहत नव्हती. ती मला पाहत होती.

१३ जून
सर्जन इस्पितळात आहेत. मुलाखतीहून घरी जाताना गाडीतच पोटात कळ आली. त्यांच्याच हाताखालच्या डॉक्टरांनी गॅस म्हणून गोळी दिली आणि आतड्याची शेपटी, म्हणजे अपेंडिक्स, फुटल्यावर धावपळ केली. वाचले, थोडक्यात. योगायोग. विचित्र योगायोग.

१६ जून
झालं ते सगळं लिहून ठेवते आहे.
आज संचालक परतले. म्हातारे, गोरेपान, सगळ्यांना बाळ म्हणणारे. तिसरा उमेदवार आत गेला आणि आम्ही तिघं काचेमागे बसलो. मुलीने पोटाशी हात धरून बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात संचालकांनी माझं मनगट घट्ट पकडलं. ही इथे कशी, म्हणाले. ही तर गेली. कुलसचिवांनी त्यांना बाहेर नेलं. मुलाखत अर्धवट राहिली. आत पाहिलं तर पलंग रिकामा. उमेदवार विचारत होता, की रुग्ण कुठल्या दाराने गेली. त्या खोलीला एकच दार आहे.
संध्याकाळी मी संचालकांच्या घरी जाऊन बसले. आधी आढेवेढे, मग सगळं भडाभडा बाहेर आलं. गेल्या परीक्षेच्या वेळची गोष्ट. बाहेर रांग होती, चहा निवत होता. करड्या स्वेटरमधली मुलगी समोर उभी राहिली आणि त्यांनी टेबलापलीकडूनच परीक्षापोट ठरवलं. हात लावला नाही. ती दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली. तिसऱ्या वेळी तर ते हसले. वसतिगृहाच्या खोलीत आतडं फुटून ती मेली. आणि कुलसचिवांनी तिच्या वडिलांना सांगितलं, की तुमच्या मुलीनेच आजार लपवला होता. ते वडील कुलसचिवांची माफी मागून गेले. माफी मागून!
संचालक रडत होते. मला त्यांची कीव आली नाही.

१७ जून
नाट्यविभागाचे प्रमुख कॅन्टीनमध्ये भेटले आणि ओशाळून म्हणाले, की दौऱ्याच्या गडबडीत तुमच्याकडे मुलगी पाठवायची राहूनच गेली, रागावू नका.
म्हणजे कोणीच पाठवली नव्हती. मला वाटलं, त्यांनी पाठवली. कुलसचिवांना वाटलं, मी आणली. आणि आम्ही काचेमागे बसून एका मरणाऱ्या पोरीकडे पाहत राहिलो.
पळून जावं असं क्षणभर वाटलं. पण भीतीपेक्षा संताप मोठा आहे. ती इतका काळ दाराशी उभी आहे आणि या लोकांनी तिला मेल्यावरही खोटारडी ठरवलं. तिने का सोडावं? मी तिच्या जागी असते, तर एकालाही सोडलं नसतं.

१९ जून
संचालक गेले. पोटातल्या कळेने. त्यांच्या आतड्याची शेपटी तरुणपणीच काढलेली होती. सगळ्या तपासण्या झाल्या, कुठे काही सापडलं नाही, शेवटी मनाचे खेळ म्हणून झोपेचं औषध दिलं. दुखतंय, दुखतंय, हात लावून पाहा, असं ओरडत गेले म्हणे.
अंत्ययात्रेला सगळं विद्यापीठ होतं. त्यांच्या सेवाभावावर भाषणं झाली. मी गर्दीत उभी होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती: आता कुलसचिव.

२० जून
कुलसचिवांना सांगितलं, की उमेदवाराच्या जागी एकदा तुम्ही आत बसा, म्हणजे सर्जनांचीच निवड करायला मी संमती देते. ते हसले. बाईंना भुतं दिसायला लागली वाटतं, म्हणाले. तरी गेले. मी बाहेरून कडी लावली.
ती आली. दार न उघडता आली. पलंगावर बसली आणि बोलू लागली. काचेमागून मी कुलसचिवांचा चेहरा पाहत होते. ती कोण, ते त्यांना आत्ता कळलं. हात जोडले. मग बाळ, तूच लपवलंस ना, असं काहीसं पुटपुटले. अजूनही तेच! ती उठून त्यांच्याजवळ गेली, अगदी कानाशी वाकली.
मी कडी काढली तेव्हा ते जमिनीवर पोट धरून पडलेले होते. मी नेमणुकीचा कागद त्यांच्यापुढे धरला. डॉक्टरबाईंचं नाव. आधी सही, मग रुग्णवाहिका, असं म्हणाले. मी. मी असं म्हणाले.
सही झाली.

२१ जून
कुलसचिव पहाटे गेले. डॉक्टरबाई उद्या रुजू होतील. वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीला आता हात लावून तपासणारं माणूस मिळेल. ताईला फोनवर म्हटलं, न्याय झाला. ती म्हणाली, तुझा आवाज असा का येतोय? जेवलीस का?
जेवले नाही. भूक नाही. बेंबीपाशी जरा—

दुपारी
जागरणाचं असेल.

संध्याकाळी
कळ खाली सरकली आहे. उजवीकडे.
सिस्टरना सांगितलं. दोन मृत्यू झालेत, ताण आला असेल, पडून राहा, म्हणाल्या. मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.
पण मी तर तिच्या बाजूची आहे! मीच तर तिला—
हात लावणारी एकच होती. आणि तो हात मी थांबवला. नियम माझा होता. हसलेही होते मी. बक्षीस द्या, म्हणाले होते.

२२ जून
उभं राहता येत नाही. भिंत धरून जिना उतरले. तपासणीच्या खोलीत यायचं नव्हतं, पण खाली दुसरा पलंग नाही. ती इथेच आहे. दिसत नाही. स्वेटरच्या ओल्या लोकरीचा वास—
मी माफी मागितली. मोठ्याने. आयुष्यभर सभा गाजवल्या आणि आज चार शब्द धड—
ती ऐकते आहे. फक्त ऐकते आहे. आम्ही ऐकलं होतं तसं.

डॉक्टरबाई आल्या. पिशवीही खाली न ठेवता धावल्या. आडवं केलं. पोट दाबून पाहिलं, लगेच चेहरा गंभीर. इस्पितळात न्यायचं म्हणतात. आत्ता. वही खाली ठेवा म्हणतात, पण मी लिहिणार, कोणीतरी वाचायला—
वाचेन मी यातून. बाई चांगल्या आहेत. माणूस बरोबर निवडला. एवढं तरी तिने—
कळ वाढतेय. बाई, जरा हळू दाबा, म्हटलं. बाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं.
त्यांच्या एका हातात फोन आहे. दुसऱ्या हाताने माझी नाडी धरली आहे.
मग पोटावर हा गार हात को—