बंदरातले एकमेव कायदेशीर जाळे

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा ट्रॉलरमालक, गुडघे सोडले तर शरीराने आणि बायकोचे मत सोडले तर बुद्धीने ठणठणीत असून, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक बायकोला. माझ्या घोरण्याबद्दल तिची जुनी तक्रार आहे, तिचेही तेव्हा निवारण होईल.

२. समुद्र संवर्धन समितीचा अध्यक्ष म्हणून मिळालेल्या सात ढाली थोरल्या मुलाला. बारीक भोकांची जाळी कोणी वापरू नयेत, असा ठराव आम्ही दरवर्षी एकमताने केला. प्रत्येकाला दुसऱ्याचेच जाळे बारीक दिसे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे. मुलाला माझ्याहून बारीक जाळे आणि मोठे इंजिन हवे आहे, म्हणून त्याला बोट देत नाही.

३. मोठ्या भोकांचे जाळे, नग एक, समितीला. बंदरात चाळीस ट्रॉलर, पण नियमात बसणारे जाळे एवढेच. तपासणीच्या दिवशी मत्स्य खात्याचे साहेब एका बोटीवर चहा घेईपर्यंत हे जाळे मागच्या बाजूने पुढच्या बोटीवर पोचलेले असे. साहेब चाळीस वेळा भोकांना पट्टी लावत आणि चाळीस वेळा 'समाधानकारक' लिहीत. वीस वर्षांत हे जाळे एकदाही पाण्यात उतरले नाही.

४. ट्रॉलर धाकट्या मुलीला. ती मत्स्य खात्यात तपासनीस झाली तेव्हा मी बंदरभर मिरवलो होतो. पहिल्याच तपासणीला मी तेच जाळे पुढे केले. तिने पट्टी काढलीच नाही, जाळे नाकाशी धरले.

"बाबा, याला मासळीचा वास कुठाय?"

हंगामभर परवाना बंद. मी चारचौघांत म्हणालो, "घरभेदी निघालीस. पुन्हा घरी येऊ नकोस." पोरगी शब्दाची पक्की, बापावर गेली आहे. चार वर्षे झाली.

गेल्या हंगामात माझ्या बारीक जाळ्यात बोटभर पिल्लांखेरीज काही आले नाही. ती सगळी खताच्या कारखान्यात गेली. पेरणीचे बियाणेच आम्ही दळून खाल्ले. मुलगी बरोबर होती, मी चुकलो. बोट चालवावी की भंगारात काढावी, हे तिने ठरवावे.

५. मी जिवंत असताना तिने एकदा घरी यावे. वकील म्हणतात, मृत्युपत्रातले काहीही माणूस जिवंत असेपर्यंत लागू होत नाही. म्हणून याची प्रत आजच तिच्या कार्यालयात देऊन रीतसर पोच घेत आहे.

ठिकाण: राहते घर, बंदरामागची गल्ली
दिनांक: मासेमारी बंदीचा पहिला दिवस
सही: ट्रॉलरमालक

साक्षीदार:
१. बर्फ कारखान्याचे व्यवस्थापक (सही)
२. शेजारच्या ट्रॉलरचे मालक (कलम ३ वाचून उठून गेले, त्यांच्या जागी दातांचे डॉक्टर, सही)

पोच: प्रत मिळाली. कलम ४ ची घाई नको, बाबा. कलम ५ रविवारी, जेवायच्या वेळेला.
(सही) तपासनीस