दोन्ही तांब्यांत एकच पाणी

प्रिय शिवकन्या,

किनवटला एसटीत बसलो ते थेट अहमदपूरच्या स्टँडवर उतरेपर्यंत कुणाशी बोललो नाही. शेजारचा माणूस बिचारा पीकपाण्याचं विचारत होता, मी नुसतं हां-हूं करत राहिलो. त्या सभेतलं काही निसटू नये असं वाटत होतं. तू म्हणशील, सभेत मीच तर होते, मला काय सांगताय? पण तू पुढे उभी होतीस आणि मी मागे बसलेलो, बायकांच्या घोळक्याला लागून. तिथून जे दिसलं ते तुला दिसलेलं नाही. म्हणून आधी तेच सांगतो.

इकडे सगळं ठीक आहे. पुनमचा खोकला गेला. सोयाबीनची आवक सुरू होणार म्हणून मोंढ्यातले आडते वजनकाटे तपासून घ्यायला दुकानात गर्दी करतायत. जो येतो त्याला मी तुझ्या शाळेचं सांगतो. काल त्यातले सिद्रामप्पा वैतागून म्हणाले, "महांतेश, आधी माझा काटा बघ, मग बायकोचं कौतुक कर." मी काटा बघता बघता कौतुक केलं.

सभेच्या दिवशी सकाळी तू मला वर्गात मागच्या बाकावर बसवलंस. भिंतीवर पोरींनी रंगवलेली आवर्तसारणी होती. दहावीत मी ती पाठ केली होती, पण कोणतं मूलद्रव्य कुठल्या घरात का बसलंय हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तू फळ्यावर फ्लोरिनचा अणू काढलास, बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन मांडलेस आणि विचारलंस, याला काय कमी आहे? पोरी ओरडल्या, "एक!" मग तू म्हणालीस, त्या एकासाठी हा कुणाशीही झोंबतो, आणि मिळाला की फ्लोराइड होऊन बसतो. खडकात असतो, तिथून पाण्यात उतरतो. थोडा असला तर दातांना बरा, जास्त झाला की दात डागाळतात, पुढे हाडं आखडतात. थोडा म्हणजे किती, असं एकीने विचारलं. तू म्हणालीस, "ते मोजल्याशिवाय कुणालाच कळत नाही. मलाही नाही." जन्मभर काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते ऐकून काय वाटलं असेल, तूच समज.

दुपारची सभा मात्र गोड नव्हती. तुमचं गाव आणि शाळेचं वसतिगृह ज्या बोअरचं पाणी पितं, त्यात तुझ्या पोरींना फ्लोराइड मर्यादेच्या दुपटीहून जास्त सापडलं होतं; ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीत मात्र ते मर्यादेत होतं. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना धाडा, असं तू गावाला कळवलं होतंस. भुजंगरावांना ते झोंबलं. पाणी समितीचे ते अध्यक्ष, बोअर त्यांनीच धावपळ करून पाडलेला. त्या उन्हाळ्यात बायकांच्या डोक्यावरचे हंडे त्यांच्यामुळे उतरले, हेही खरं. त्यांनी सगळ्यांदेखत बोअरचं पेलाभर पाणी घटाघट प्यायलं आणि म्हणाले, "हे बगा. मेलो का मी?" लोक हसले. तू नाही हसलीस, चिडलीही नाहीस. एका पेल्याने काही होत नाही भाऊ, वर्षानुवर्षं पोटात जातं त्याचं मी बोलतेय, एवढंच म्हणालीस.

मग त्यांनी घरी भरून ठेवलेले दोन तांबे मागवले. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्या जुन्या विहिरीचं असल्याचं सांगितलं. तुमच्या पोरी इतक्या हुशार हायेत तर एकीनं वळखून दाखवावं, असं म्हणाले. धम्मप्रिया उठली. केवढीशी पोर, नववीतली. तिने दोन्ही पाणी दोन मोजनळ्यांत घेतलं, वाकून डोळा रेघेच्या पातळीला आणला, मग ते लालसर द्रावण घातलं. फ्लोराइड जितकं जास्त तितका रंग पिवळ्याकडे झुकतो, हे सकाळच्याच तासाला कळलं होतं, म्हणून मीही मान उंचावून पाहत होतो. दोन्ही नळ्या पिवळ्या झाल्या. अगदी सारख्या.

मागे कुजबुज सुरू झाली. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "गडबडली पोर. दोनी सारके कसे येतील?" मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. धम्मप्रियाने नळ्या ओतल्या, धुतल्या आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. तिने तुझ्याकडे पाहिलं. लोक भुजंगरावांकडे पाहत होते आणि ते मिशीत हसत होते. शिवकन्या, तेव्हा तू एक शब्द सुचवला असतास तर मी तुला दोष दिला नसता. पण तू म्हणालीस, "माझ्याकडं बघू नकोस. नळीकडं बघ. दिसतंय ते सांग." आणि तू पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलंस, तिला तुझा चेहरासुद्धा वाचता येऊ नये म्हणून. तेव्हा पाठीमागे पदर मुठीत किती घट्ट आवळला होतास, ते फक्त आम्हाला दिसलं.

पोर दोन्ही नळ्या उजेडाला धरून म्हणाली, "यात विहिरीचं पाणी न्हाईच. दोनी तांब्यात बोअरचंच हाय."

भुजंगरावांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी पुन्हा घातली. मग खाली बघत म्हणाले, "बरोबर हाय पोरीचं. दोनी म्याच भरलेत बोअरवर. म्हनलं, अंदाजानं एक सांगंल अन् खोटी पडंल." तू धम्मप्रियाच्या खांद्यावर हात ठेवलास आणि नळ्या आवरायला बसलीस. पुढचं तू पाहिलंच नाहीस. माझ्या समोर नागुबाई बसली होती, मांडीशी तिची लेक. ती हळूच म्हणाली, "दात घासत न्हाईस म्हून रोज मारत व्हते ग मी हिला." पोरीने सवयीने तोंडावर हात धरला होता. नागुबाईने तो हात खाली घेतला, पोरीचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि भर सभेत तिच्या ओठांवरून बोटं फिरवत बसली. आजूबाजूच्या बाया आपापल्या पोरांच्या तोंडात डोकावू लागल्या. मला तिथं बसवेना. उठून उगाच शाळेला एक फेरी मारून आलो.

दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा भुजंगराव स्वतः बोअरच्या पाइपाला, हे पाणी पिऊ नये अशी खूण म्हणून, लाल रंग देत होते. जुन्या विहिरीचं पाणी पोरींनी पुन्हा मोजलं, तेव्हाही ते मर्यादेत भरलं. आता गाळ काढून, क्लोरीन टाकून तेच प्यायचं ठरलंय, असं त्यांनीच सांगितलं. म्हणाले, "पावनं, तुमच्या मंडळीनं लई उघडं पाडलं मला. पर पोरांचं भलं केलं." मी रामराम केला आणि चालू लागलो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. घरी आलो तर तुझ्या बदलीचा आदेश येऊन पडला होता. अहमदपूरपासून सायकलच्या अंतरावरची शाळा, आपण मागितली होती तशीच. आईने देवापुढे साखर ठेवली. आणि मला, इतकी वर्षं वाट पाहून, आनंदच होईना. फोनवर सांगितलं असतं तर माझा आवाज ऐकून तू लगेच हो म्हणाली असतीस, म्हणून हे पत्र. यावंसं वाटलं तर ये, घर तुझंच आहे. पण आमच्यासाठी म्हणून येऊ नकोस. किनवटच्या बाजारातही काटे बिघडतातच. स्टँडसमोर एक गाळा रिकामा आहे, येताना विचारून आलोय. आईला मी समजावीन, तीही येईल. पुनमला मी आधीच विचारलं. ती म्हणाली, त्या शाळेत आईला मॅडम म्हणावं लागेल का? मी म्हणालो, म्हणावं लागेल. आता आरशासमोर उभी राहून म्हणून बघतेय.

तुझाच,
महांतेश