तीन नंबरचा चहा

४ जानेवारी

चि. धाकोबास, ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला हात मोकळाच होईना. आमच्या नगरपालिकेने नवं खूळ काढलंय. लॉजमध्ये कुणीही मुक्काम केला की दर रात्रीमागे कर, आणि तो वसूल करायचा आम्ही. माझ्याकडे उतरतं कोण, तर समोरच्या हॉस्पिटलमधल्या पेशंटची माणसं. महिना महिना राहतात, बेसिनमध्ये डबे धुतात, जिन्यात बसून रडतात. त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने कर मागू? पुढच्या महिन्यात सुनावणी आहे आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. तू तिकडच्या पालिकेत हाच कर वसूल करतोस, म्हणजे तू शत्रुपक्षातला. तरी काय बोलू ते सांग.

बाबा बरे आहेत. आई गेल्यावर इथे आले तेव्हा मुद्दाम तीन नंबरची खोली दिली, तिथे ऊन छान येतं. त्यांचा काही त्रास नाही. धुवायचा टॉवेलसुद्धा आपण होऊन दाराबाहेर ठेवतात.

भावजयीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

१२ जानेवारी

ती. ताईस, शत्रुपक्षाचा साष्टांग नमस्कार.

कर वाईट नाही गं. रस्ते, दिवे, पाणी तुझी गिऱ्हाइकंही वापरतातच. पण जे महिनोन्महिने राहतात ते पाहुणे नव्हेत, रहिवासी, एवढा एकच मुद्दा धरून बस. आमच्याकडे त्यांना सूट आहे. आणि भाषण कशाला? बाबांनाच घेऊन जा. माझे वडील तीन नंबरमध्ये राहतात, त्यांनाही पाहुणे धरून कर लावणार का, एवढंच विचार. सगळ्यांची तोंडं बंद होतील बघ.

बाबा मला लिहितात तेव्हा तुझं कौतुकच असतं. सोय उत्तम आहे म्हणतात.

राग नसावा, असला तर पत्रातून पाठवावा.

तुझा धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

काल सुनावणी झाली. तुझं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. बाबा सकाळपासून तयार होते, इस्त्रीचा शर्ट घालून. तू सांगितलंस तसं मी बोलले. अध्यक्षबाईंनी प्रेमाने विचारलं, आजोबा, तुम्ही घरचे की पाहुणे? बाबा उठले, हात जोडले आणि म्हणाले, मी तीन नंबर, पाहुणाच म्हणा, व्यवस्था फार चांगली आहे, तक्रार काही नाही. सगळा हॉल हसला. मला वाटलं, थट्टा करतायत, म्हणून मीही हसले. मग त्यांच्याकडे बघितलं. ते हसत नव्हते रे. त्यांना वाटलं, लॉजविषयी चार चांगले शब्द बोलायला आणलंय, आणि ते मनापासून बोलले.

आमच्या धंद्यात माणसाला नाव नसतं. पाचची चादर, आठचं गरम पाणी. स्वयंपाकघरातून रोज मीच ओरडते, तीन नंबरचा चहा. वर त्यांची खिडकी उघडी असते. घरी आई कितीही रागावली तरी ते पातेल्यावरचं झाकण उचलून बघायचे. इथे येऊन एकदाही माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, आणि मला ते समंजसपण वाटलं. मी करंटी आहे.

त्यांना खाली माझ्या खोलीत आणते.

ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस, नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यांना उभं करायची अक्कल माझी, आणि सोय उत्तम हे शब्द वाचून खूश होणाराही मीच. लगेच आण त्यांना. मार्चअखेर मी येतो. मला रूम देऊ नकोस, तिघंही खालीच झोपू.

धाकटा

६ एप्रिल

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

बाबांना पोचवून, त्यांचे दिवस करून तू परत गेलास, त्यानंतर घरात बोलायला कुणी नाही. तू होतास तेव्हा एक गोष्ट जिभेवर येऊनही सांगता आली नाही.

नगरपालिकेचा माणूस आला होता. कर लागू झाला. जास्त दिवस राहणाऱ्यांना सूट मिळाली, मालकाच्या घरच्यांनाही. तुमच्या घरचं कुणी राहतं का, त्याने विचारलं. राहायचे, एवढंच मला म्हणता आलं.

बाबा गेले त्या सकाळी ते खाली माझ्याकडे राहायला यायचे होते. किती दिवस नाही नाही म्हणत होते, तुझी अडचण होईल म्हणत होते. अखेर कबूल झाले. मी ओट्याजवळच्या खिडकीशी त्यांची खाट लावली होती. त्यांनी वर चादरीची घडी घातली, खोली झाडून काढली, पिशवी भरली. किल्ली काउंटरवर ठेवली आणि जाणारी गिऱ्हाइकं रिक्षाची वाट बघत बसतात ना, त्या बाकावर जाऊन बसले. दोन पावलांवर माझं दार उघडं होतं रे. बोलावल्याशिवाय आत यायचं नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं असणार.

मी आत चहा गाळत होते. कप भरला आणि ओरडले, बाबांचा चहा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ओ आली नाही म्हणून कप घेऊन बाहेर आले, तर मान कलली होती.

डॉक्टर म्हणाले, झोपेत गेल्यासारखे गेले. कधी गेले, ते त्यांना नेमकं सांगता येत नाही. मी हाक मारली त्याच्या आधी की नंतर, हे मी कुणाला विचारू?

बाकी काही लिहू नकोस. ऐकू गेलं असेल, एवढंच लिहून पाठव.

ताई