तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरमधली भिंत

रोहणा,
४ जुलै १९८१

प्रिय मधुदादा,

जीप अजून गोठ्याशेजारीच उभी आहे. बॉनेट भिंतीला टेकवलंय आणि इंजिनचं हेड पोत्यावर काढून ठेवलंय. आमचे हे शेतातून आले की हातपाय न धुता आधी तिथे जातात. परवा मला हाक मारून त्यांनी दाखवलं. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधे जी अरुंद भिंत आहे, नेमकी तिच्यावरच हेडखालची गॅसकेटची पातळ पट्टी जळून काळी पडली आहे. तुझ्यापासून मी हे लपवत नाही. लपवलं, तर पुढचं काहीच तुला खरं वाटणार नाही.

तुला ती दिवाळी आठवते? कंपनीत तुला नवं इंजिन आखायला दिलं होतं आणि तू सुट्टीतही त्याच्याशिवाय बोलत नव्हतास. आईच्या ताटात तू सिलिंडर म्हणून पेले मांडलेस. मधे अंतर ठेवून चारच मावले. मग एकमेकांना चिकटवलेस, तर सहा मावले. चाराच्या जागेत सहा बसवायचे, हेच माझं काम, असं तू बाबांना सांगितलंस. सहा असले की एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो, गाडी थरथरत नाही. बाबांनी विचारलं, "मंग सारेच काऊन नाई बनवत असं?" तू लपवलं नाहीस. चिकटवले की मधे पाणी फिरायला जागा उरत नाही, तिथेच तापण्याची भीती आहे, असं तू तेव्हाच म्हणाला होतास. म्हणजे आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं, दादा. त्या जीपमध्ये आम्ही डोळे झाकून बसलो नव्हतो.

पेट्रोल महागलं आणि कंपनीने ते काम बंद केलं. चाचणीची इंजिनं भंगारात निघाली, त्यातलं एक तू ट्रकवर घालून इथे आणलंस. तुम्ही दोघांनी ते यांच्या जुन्या जीपमध्ये बसवलं. बॉनेट न वाढवता ते आत गेलं, तेव्हा तू अंगणात खाली बसलास आणि कितीतरी वेळ उठलाच नाहीस. मी चहा आणला, तर तुझे डोळे भरलेले. त्यानंतर गावात कोणी आजारी पडलं की माणसं आमच्याच दारात येत. यशोदाबाईंना साप चावला तेव्हा त्याच जीपने त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात पोचवलं. त्या रोज येतात, दारातच उभ्या राहून विचारतात, "मधूचं काई कळलं काय वं?" मी नाही म्हणून मान हलवते.

आता त्या दिवसाचं लिहिते. बाबांना वर्ध्याच्या दवाखान्यात नेत होतो; तू चालवत होतास, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मे महिन्याची दुपार, पुलगाव मागे टाकलं होतं. आवाज बदललेला सगळ्यात आधी तुला कळला. तुझी मान ताठ झाली. देवळीच्या अलीकडे वाफ उठली आणि गाडी थांबली. रेडिएटरचं झाकण उघडताना तुझा हात भाजला, तरी तू त्याच हाताने पाणी ओतत होतास. बॉनेट वर होतं, त्यामुळे मागे काय चाललंय ते तुला दिसलं नाही. नंतर ट्रक मिळाला, दवाखाना आला, पण उपयोग झाला नाही. वेळेवर आणलं असतं तर वाचले असते का, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तू त्यातलं फक्त पहिलं अर्धं ऐकलंस.

जे तुला ऐकू गेलं नाही ते सांगते. मी बाबांना म्हटलं, दादा गाडी दुरुस्त करतोय, आत्ता निघू. त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "लय गुमान चालते वं नलू याची गाडी. मले झोप लागून राह्यली." गाडी बंद पडून बराच वेळ झाला होता, पण त्यांना ती चालूच वाटत होती. तुझी समजूत काढायला मी हे रचलेलं नाही. तेराव्यालाच सांगणार होते, पण तू कोणाला जवळ येऊ दिलं नाहीस आणि पहाटेच्या गाडीने निघून गेलास. माझ्या पत्रांना उत्तर आलं नाही. मंदावहिनीने कळवलं की तू कामावर जात नाहीस, जेवत नाहीस. मी म्हटलं, दिवस जातील तसा सावरेल. आणि मग तिची तार आली, तू दवाखान्यात बेशुद्ध आहेस म्हणून.

आईला मी खरं सांगितलेलं नाही. तुला विषमज्वर झालाय, इतकंच तिला ठाऊक आहे. नवरा जाऊन दोन महिनेही झाले नाहीत, तिला एकटं सोडून मला येता येत नाही. हे आज पुलगावहून रेल्वेने निघत आहेत, त्यांच्याबरोबर हे पत्र देते. तू शुद्धीवर आलास, पण डोळे उघडे ठेवून नुसता छताकडे बघतोस, कोणाशी बोलत नाहीस, असं वहिनी लिहिते. डॉक्टरांनी तिला सांगितलंय की घरच्या माणसांचं, त्याच्या जिव्हाळ्याचं काहीतरी त्याच्या कानावर घालत राहा. वहिनीला काय बोलावं ते सुचत नाही, नुसतं रडू येतं. म्हणून हे सगळं मी लिहिलं, माझ्या जागी ती वाचेल. दादा, तू त्या सकाळी स्वतःचं जे करून घेतलंस त्याबद्दल मी कधी एक शब्द विचारणार नाही. इंजिन तापलं, गॅसकेट जळली, ते झालं. पण एकाच वर्षात वडील आणि भाऊ दोघं गेलेलं मला झेपणार नाही, मी तेवढी घट्ट नाही. बोलू नकोस. हे ऐकू येत असेल, तर वहिनीचा हात दाब. ती मला तार करेल. तोवर मी दारातच बसून आहे.

तुझीच,
नलू