शुक्रवारची शीळ

५ जानेवारी, रविवार
दिग्दर्शक अद्वैतने पटकथेचा चौथा खर्डा पाठवला. बरा आहे. पुण्याचा असला तरी पोराला भिवंडी कळायला लागली आहे. माझ्या ‘ताण्यापलीकडे’ची पाच पुस्तकं आणि सिनेमे तीन, म्हणजे कापाकापी होणार हे धरूनच चालले होते. मेहरूची मावशी गेली, जाऊ दे. बोलणारं मांजर गेलं. ते मला स्वतःलाच कधी आवडलं नव्हतं.
पण पान चौदावर शीळ गायब! त्या जागी दोन शब्द: ‘गूढ संगीत’.
अख्खी मालिका त्या शिळेवर उभी आहे. शुक्रवारी कापडाचे लूम बंद होतात, खटखट थांबते, मग मेहरूला ती बारीक शीळ ऐकू येते आणि ताण्याच्या उभ्या सुतांमधून पलीकडच्या मुलखाची वाट उघडते. शीळ काढली की उरते एक मुलगी आणि एक कारखाना.
अ.ला फोन केला. शांतपणे सांगितलं, शीळ नसेल तर मीही नाही. तो म्हणे, मॅडम, ती वाजते कशी हे तुम्ही पाचही पुस्तकांत कुठेच लिहिलेलं नाही.
लिहायचं काय त्यात? शुक्रवारी ये म्हटलं आणि ऐक.

९ जाने., गुरु.
शाळा सुटल्यावर अंजूरला. तिथल्या गोडाऊनमध्ये सेट लावलाय. निर्मात्यांना दाखवायला शिळेचा प्रसंग तेवढा आधी शूट करणार, तो पसंत पडला तर पुढचं सगळं. सेट झकास. लूमवर धूळसुद्धा बरोबर बसवली आहे.
फक्त लूम चालू आहेत असं धरून नट मंडळी आरामात गप्पा मारत होती. सिनेमात खटखट नंतर भरणार ना, मग आत्ता कशाला ओरडा. आमच्या मुकादम चाचांना नेलं होतं. ते हसून हसून खाली बसले. “मॅडम, इतना आवाज में कौन बात करता है? हाथ से बोलो.” मग तासभर त्यांनी सगळ्यांना शिकवलं: सूत तुटलं, मालक आला, चहा सांग, सगळं बोटांनी आणि ओठांनी. चाळीस वर्षं ते लूमवर आहेत. मेहरूचं काम करणारी मुलगी सर्वांत आधी शिकली.
निर्माते येऊन गेले. म्हणाले, तुम्ही मराठी काय छान बोलता हो. मी म्हटलं, चार पिढ्यांत दुसरं काही बोलायची संधीच मिळाली नाही.

१० जाने., शुक्र.
मुद्दाम रजा टाकली. पल्लवी आली, सिनेमाची आवाजवाली. साताऱ्याची, कमी बोलते, मला आवडली. सकाळी पाळी संपली, खालचे लूम बंद झाले. आमच्या घराखालीच भाईची शेड, बारा लूम. जन्मापासून आम्ही त्या आवाजावर झोपलो आहोत.
खटखट थांबली. मी बोट वर केलं. आली.
पल्लवीने हेडफोन लावले, माईक खिडकीकडे फिरवला, मग शेडकडे. कबुतरं ऐकू येतात म्हणाली, कुणाचा तरी कुकर, लांबून ट्रक. शीळ नाही.
भाईला वर बोलावलं. “हाय ना,” भाई म्हणाला. “आताच चालू झाली.” चाचांनीही मान डोलावली. आम्ही तिघं एका बाजूला आणि ती बिचारी एकटी. मला तिच्या यंत्रांची कीव आली. एवढं महागाचं सामान आणि एवढी साधी गोष्ट पकडता येईना.
जाताना फक्त एक विचारलं तिने, भिवंडीबाहेर गेलात की ऐकू येते का? म्हटलं, येते की. दापोलीला मामेबहिणीकडे गेले तरी येते. म्हणून तर तिसऱ्या पुस्तकात शीळ मेहरूच्या मागे समुद्रापर्यंत जाते.
 पल्लवी माझा हात धरून थोडा वेळ उभी राहिली. विचित्रच.

१३ जाने., सोम.
पल्लवीचा फोन. बराच वेळ आडवळणाने बोलली. शेवटी म्हणाली, कान तपासून घ्या.
मी चिडले. अठ्ठावीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडते आहे मी.

१४ जाने., मंगळ.
वाचकांच्या पत्रांची ट्रंक काढली. पल्लवी चूक आहे हे दाखवायलाच काढली.
मालेगावची मुलं लिहितात, आम्हालापण ऐकू येते. इचलकरंजीचा एक मुलगा लिहितो, आमची शीळ जरा जाड आहे. आणि पुणे, नाशिक, रत्नागिरी? बाई, शीळ कशी असते? बाई, शीळ वाजवून दाखवाल का?
वर्षानुवर्षं ही पत्रं वाचली, उत्तरं लिहिली. शहरातल्या मुलांना कल्पनाशक्ती कमी, असंसुद्धा एकदा भाषणात बोलून गेले. टाळ्या मिळाल्या होत्या.


१८ जाने., शनि.
कल्याणला कानाच्या डॉक्टरांकडे. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाब. मी खूप वेळा दाबलं. डॉक्टर म्हणाल्या, निम्म्या वेळा आम्ही काहीच वाजवलं नव्हतं.
दोन्ही कान. मोठ्या आवाजात राहून आतलं झिजतं, मग कान स्वतःच वाजायला लागतो. दिवसा लूमखाली दबलेला असतो, शांत झालं की कळतो. बरं होण्यासारखं नाही. वाढू नये म्हणून काय करायचं ते सांगितलं. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, घरात लहान मूल आहे का?
आहे. भाईची हाना, अकरा वर्षांची. माझी पहिली वाचक. तिचा पाळणा शेडच्या डोक्यावरच हलला.
घरी येऊन भाईला सांगितलं. बराच वेळ तो आपला कान चोळत बसला. मग म्हणाला, “म्हंजे बाकीच्यांना काय ऐकू येतं मग, लूम बंद झाल्यावर?”
काहीच नाही, म्हटलं.
“काहीच न्हाय?” त्याला ते खरंच वाटेना. मलाही अजून वाटत नाही.

२० जाने., सोम.
हानाला विचारलं, सहज विचारल्यासारखं. तुला येते का गं शीळ ऐकू? ती माझ्याकडे बघतच राहिली. “फुफी, येते म्हणजे? मी तर रोज वाट बघते.”
याचा अर्थ काय घ्यायचा? पुस्तकातलं मांजरसुद्धा तिला एकदा गल्लीत दिसलं होतं. तिला विचारून कळणार नाही. भाई-भाभी तिला तपासायला न्यायला तयार नाहीत. पोरगी चांगली ऐकते, उगाच भीती घालू नको म्हणतात. मीही फार जोर केला नाही. का नाही केला, ते लिहायची हिंमत नाही आज.

२२ जाने., बुध.
अ.ला सगळं सांगून टाकलं. लपवण्यात अर्थ नव्हता. तो जो काही खुलला! मॅडम, हे तर सोनं आहे. सिनेमाच्या शेवटी उलगडा करू, की वाट नव्हती, मुलूख नव्हता, मुलीचे फक्त कान गेले होते. लोक सुन्न होतील.
होऊ देत सुन्न, पण दुसऱ्याच्या सिनेमात. मी स्पष्ट सांगितलं: मेहरू खरंच पलीकडे जाते. पाच पुस्तकं जाते, तीन सिनेमे जाईल. मला गोष्ट कानाच्या दुखण्यातून सुचली म्हणून गोष्ट आजारी होत नाही. आपली मुलं त्या खटखटीत वाढली, कान देऊन बसली, त्याच्या बदल्यात त्यांच्या वाट्याला एवढा एक दरवाजा आला आहे. तोही तू बंद करणार?
तो नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही. माझा आवाज चढला नव्हता. छान बोलले मी.

२८ जाने., मंगळ.
पल्लवीच्या स्टुडिओत. तिची कल्पना: तुमच्या कानात जे वाजतं ते मी यंत्रावर शोधते, तुम्ही सांगत जा. अजून बारीक. नाही, एवढी नको. थोडी खाली. आता जरा हवा मिसळ त्यात. जरीचं सूत ओढल्यासारखी हवी.
दोन तास लागले. एकदम जुळली. बाहेरची आणि आतली एक झाली आणि मला कळेना कुठली कुठली. पल्लवी डोळे मिटून ऐकत होती. “किती सुंदर आहे,” ती म्हणाली.
मी रडले. बावन्न वर्षांत पहिल्यांदा बाहेरगावच्या माणसाने ती ऐकली.

८ फेब्रु., शनि.
निर्मात्यांना प्रसंग दाखवला. छोटं थिएटर, दहा-बारा माणसं. खटखट छातीत भरते, चाचांनी शिकवलेली बोटं पडद्यावर नाचतात, आणि मग लूम थांबतात.
सगळ्यांच्या माना वर झाल्या. त्यावरून मला कळलं की शीळ सुरू झाली असणार. माझ्या कानात तर ती आधीपासूनच होती. भाई शेजारी बसला होता. तो कानाशी येऊन म्हणाला, अजून लावली न्हाय का?
नंतर निर्माते म्हणाले, लोकांना वाटेल स्पीकर बिघडला. काढून टाका. अ. उभा राहिला. मला वाटलं हा आता हो म्हणतो. तो म्हणाला, ठेवायची की काढायची हे मॅडम ठरवतील, नाहीतर मी हा सिनेमा करणार नाही. निर्माते फार खूश नव्हते, पण मानले. मी घरी येईपर्यंत हसत होते. शेवटही बदलणार नाही म्हणाला आहे तो.

१२ फेब्रु., बुध.
अ.ने दोन फायली पाठवल्या. एकीत शीळ आहे, एकीत नाही. दोन्ही ऐकून रविवारपर्यंत कळवा. कुठली कुठली ते लिहायला विसरलाय गधडा.
सकाळी शाळेच्या लायब्ररीत दार लावून ऐकल्या. चार वेळा.
सारख्या आहेत.
त्याला विचारलं की लगेच सांगेल. विचारलं नाही. वेगळंच मनात आलं आहे, आणि ते आल्यापासून चैन नाही.

१४ फेब्रु., शुक्र.
लूम बंद. भाई बाहेर. हाना शाळेतून आली, जेवली. म्हटलं, सिनेमातला एक प्रसंग ऐकायचा का? दोन आहेत, फरक आहे का सांग. कसला फरक ते सांगितलं नाही. दप्तर फेकून बसली.
हेडफोन तिला सैल होतात, हाताने धरले आहेत. तिला शीळ एकीत सापडली आणि दुसरीत नाही, तर अल्लाचे लाख शुक्र, घराखालून लूम हलवायला भाईला मी उद्याच भाग पाडीन, मग त्याने कितीही डोकं आपटलं तरी. दोन्हींत सापडली, म्हणजे तिचेही कान गेले, तर काय, ते माहीत नाही. तिला काय सांगायचं तेही माहीत नाही. तरी दवाखान्यात नेणारच, भाभी काही म्हणो.
तिच्या तोंडाकडे बघवत नाही म्हणून हे लिहीत बसले आहे. पहिली संपली. मान डोलावली, हसली. आता दुसरी चालू आहे. हसत नाहीये. डोळे मिटलेत.
संपली.
म्हणते, फुफी, थांब, पहिली परत लाव.